घाटावरचा नाच आणि न घातलेला मंडप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात पंचगंगा घाटावरच्या नाचाबद्दल एक पत्र आलं होतं. पत्र लिहिणारे गृहस्थ आईच्या दहाव्याला घाटावर गेले होते आणि तिथे पायऱ्यांवर मुली नाचत होत्या. 'घाट म्हणजे तमाशाचा फड नव्हे, असल्या प्रकारांवर कायमची बंदी घाला,' असं त्यांनी लिहिलं आहे. त्या नाचणाऱ्यांत माझी भाची होती. मीही त्या दिवशी सकाळी साडेसहापासून पायरीवर बसून होते, खाली वर्तमानपत्र अंथरून (आपलंच होतं, आदल्या दिवशीचं). म्हणून हे उत्तर. पत्र लांबेल. ३१ वर्षं शाळेत पीटी शिकवली आहे, आणि हातात शिट्टी नसली की मला थोडक्यात आवरता येत नाही.

त्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करते. पिंड ठेवून घरची माणसं बाजूला उभी होती. कावळे झाडावर होते, पण उतरेनात. नाचात एक भाग असा होता की एक मुलगी दोन्ही हात पसरून वरून खाली धावत येते. ती तशी आली की फांदीवरचे कावळे उडायचे. दोनदा उडाले. मी आयुष्यभर मैदानावर साठ-साठ पोरांवर एकाच वेळी नजर ठेवली, कोण रांगेतून सरकलं, कुणाची नाडी सुटली, सगळं टिपलं, आणि त्या दिवशी वीस पावलांवर एक घर आपल्या आईसाठी ताटकळत उभं आहे हे मला दिसलं नाही. शेवटी कुणीतरी ओरडलं, "अहो, जरा तरी काही वाटू द्या!" मुलींनी तिकडे पाहिलं आणि जी जिथे होती तिथेच खाली बसली. सूचना कुणी दिली नव्हती. दहा-बारा मिनिटं कुणी हललं नाही, बघणारेही नाहीत. मग कावळा शिवला. भाची नंतर माफी मागायला गेली तेव्हा ती मंडळी निघून गेली होती. ती माफी मी या पत्रातून मागते. आईच्या दहाव्याचा दिवस परत येत नसतो.

हे झालं. आता बंदीचं.

एक तर 'तमाशा' हा शब्द शिवीसारखा वापरू नका. ज्या कलेवर या भागातल्या तीन-चार पिढ्यांनी रात्री जागवल्या, तिच्या नावानं नाक मुरडणं कोल्हापूरकराला शोभत नाही. दुसरं असं की मुली घाटावर नाचल्या त्या 'हॉल मिळाला नाही' म्हणून नव्हे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तीही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, तेव्हापासून गावात काहीही उघड्यावर झालं की लोक हळहळून म्हणतात, बिचाऱ्यांना थिएटर नाही. थिएटर हवंच. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते, त्याच्या जळक्या भिंतीपुढे मीही रडले आहे. पण उद्या कुणी भाचीला नवंकोरं नाट्यगृह फुकट दिलं, तरी हा नाच तिथे करता येणार नाही. तो घाटावरच होतो. का, ते सांगते.

भाची बारा वर्षं भरतनाट्यम शिकली, मग पुण्याला गेली आणि तिथून हे खूळ घेऊन आली. ते लोक त्याला 'साइट स्पेसिफिक' म्हणतात. मी जागेचा नाच म्हणते. तिनं मला मोबाइलवर एकेक दाखवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये त्रिशा ब्राऊन म्हणून एक बाई होत्या. १९७० साली त्यांनी एका माणसाला दोर बांधून सात मजली इमारतीच्या भिंतीवरून सरळ खाली चालवलं, जमिनीला आडवा, रस्त्यानं चालावं तसा. पुढच्या वर्षी त्यांनी नाचणारे वेगवेगळ्या इमारतींच्या गच्च्यांवर उभे केले. पहिल्यानं हालचाल करायची, दुसऱ्या गच्चीवरच्यानं ती बघून उचलायची, मग तिसऱ्यानं. मी म्हटलं, यात काय नवल? आमच्या गल्लीत पाणी आल्याची बातमी अशीच जाते. एकीनं गच्चीवरून रिकामी कळशी हलवून दाखवली की पाच मिनिटांत अख्खी गल्ली नळाला. भाची हसली नाही. म्हणाली, "मावशी, तेच तर म्हणतेय मी."

ल्युसिंडा चाइल्ड्स या बाईंचा १९६४ मधला नाच तर सहा मिनिटांचा. बघणारे वर खिडकीत आणि नाचणारे खाली रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांत मिसळून गेलेले. वर टेपवर आवाज चालू, खालच्या दुकानांची आणि इमारतींची बारीकसारीक माहिती सांगणारा. हे मला एकदम कळलं. विसर्जनाची मिरवणूक महाद्वार रोडवर माडीच्या खिडकीतून बघणाऱ्याला खरा नाच कुठला दिसतो? मंडळाच्या पोरांचा तर दिसतोच, पण त्यांच्यामधून डोक्यावर पाटी घेऊन वाट काढणाऱ्या फुटाणेवाल्याचाही दिसतो. मला तरी तोच जास्त आवडतो.

सगळंच आवडलं असं नाही. व्हिएन्नाचे विली डॉर्नर २००७ पासून रंगीत कपडे घातलेली माणसं दोन भिंतींच्या फटीत, जिन्याखाली, खांबामागे कोंबून बसवतात, कुणाचे पाय वर, कुणाचं डोकं खाली. मला ते लपाछपीत सापडायचं राहून गेलेल्या पोरांसारखं वाटलं. भाचीला फार भारी वाटतं. असो.

पण त्यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. खजुराहोला १९७५ पासून नृत्यमहोत्सव होतो, मोठमोठे कलावंत येतात, मागे देवळं दिव्यांनी उजळलेली असतात. सुंदरच दिसतं ते. पण तिथे देऊळ मागे असतं, फोटो स्टुडिओतल्या पडद्यासारखं. नाच मंचावर, बसायला खुर्च्या. तोच नाच दिल्लीच्या सभागृहात केला तर एकही पाऊल बदलावं लागणार नाही. जागेच्या नाचात जागा काढून घेतली की हातात काही उरत नाही.

आणि हे आपल्याला नवीन आहे, असं कृपया कुणी म्हणू नका. आषाढात गल्लीगल्लीतून नदीचं नवं पाणी घागरींतून त्र्यंबोलीला, म्हणजे आपल्या टेंबलाईला, जातं, पुढे पी-ढबाक वाजत असतं, बायकांच्या अंगात येतं आणि त्या टेंबलाईच्या टेकडीच्या पायऱ्यांवर ते पाणी ओततात. ते एखाद्या स्टेजवर करून दाखवा बघू. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवतात. गर्दीत वळताना काठीचा शेंडा कलतो, चहूबाजूंचे दोरवाले ताण धरतात आणि काठी घेतलेला गडी गुडघ्यात वाकून ती पुन्हा उभी करतो, वरून गुलाल आणि चांगभलंचा गजर. त्या नाचाची पावलं चढानं आणि वाटेनं ठरवलेली आहेत, कुठल्या गुरूनं नाहीत. आपण त्याला नाच म्हणून बघत नाही, एवढंच. देवाचं म्हणून बघतो.

आता घाटावर काय झालं ते. मुली आणि मुलं मिळून दहा जण. अकरा दिवस रोज सकाळी सहाला येत होते. पहिले चार दिवस त्यांनी नाच केलाच नाही. वर-खाली चालले, बसले, वितीनं पायऱ्या मोजल्या. मी तिसऱ्या दिवशी गेले आणि माझा जीव वरखाली झाला. लेझमीला सपाट मैदान लागतं आणि आठाचे आकडे. घाटाच्या पायऱ्या जुन्या काळ्या दगडाच्या, कुठे वीतभर, कुठे दीड वीत, मधूनच रुंद पायरी येते तिथे पाऊल हवेत राहतं. सात म्हणेपर्यंत तुम्ही पोचलेले असता किंवा पडलेले असता. खालच्या तीन पायऱ्यांवर शेवाळ. मी म्हटलं, आकडे सोडा, पोरींनो, नाहीतर कुणाचा तरी घोटा जाईल. त्यांनी आकडे सोडले नाहीत, बदलले. काय केलं ऐका.

जुलैत कोल्हापुरात माणूस माणसाला भेटला की तब्येत विचारत नाही. "आज किती फूट?" विचारतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आपल्या घराघरांत पाठ असते, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. मुलींनी तालाचे बोल म्हणून तेच घेतले. सगळ्या खालच्या पायरीला, नदीकडे तोंड. एक जण म्हणणार "२९", सगळ्यांनी एक पाय वर. "३०." आणखी थोडं. हात मोकळे, चेहरा अगदी रोजचा, भाजी घ्यायला निघाल्यासारखा. ३५ पर्यंत एकमेकींकडे बघायचंही नाही. ३९ ला सगळ्या थांबतात आणि मागे वळून वर गावाकडे बघतात. तिथून पुढे हातात काहीतरी येतं, म्हणजे असतं काहीच नाही, पण एकीच्या हातात गॅसची शेगडी आहे हे कळतं, एकीच्या कडेवर पोर आहे, एक जण दोरीनं जनावर ओढते. ४३ ला ते सगळं डोक्यावर. त्यानंतर आकडा म्हणायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. २०१९ आणि २०२१ साली ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा, धोक्याची खूण ओलांडल्यावर आकडा कोण विचारतं?

आणि याला वाद्य काय, तर कपडे बडवण्याचा आवाज. घाटाच्या कडेला एक आक्का रोज सकाळी धुणं घेऊन येतात. (नदीत कपडे धुऊ नयेत, पंचगंगेचे आधीच काय हाल झालेत, हे मला ठाऊक आहे. त्यावर वेगळं पत्र लिहीन. धुणाऱ्या बाईआधी मोठ्या नळातून काय येतं ते बघा, एवढंच आज म्हणते.) आक्कांचा हात घड्याळासारखा. धप, धप, मग पिळायला थोडी सवड, परत धप. मुलींनी पावलं त्या धपेवर बसवली आणि आकडा त्या सवडीत म्हणायचा. अकरा दिवसांत कुणाच्या डोक्यात आलं नाही की आक्कांना हे सांगावं.

कार्यक्रमाच्या दिवशी लोक जमले. फिरायला येणारे, तालमीतून धावत आलेली चार पोरं, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून किटली घेऊन घरी निघालेला एक जण. सुरुवात झाली. २९, ३०, ३१. आक्कांनी मान वर करून पाहिलं, एवढी माणसं दिसली आणि त्यांनी धुणं बाजूला ठेवून पदर सावरला. कार्यक्रम सुरू झालाय, उगाच आवाज कशाला, अशा सभ्यपणानं त्या हात गुडघ्यावर ठेवून बसल्या. आणि ३४ वर नाच अडकला. दहा जणांचे दहा पाय हवेत. आवाज नाही, म्हणून पाऊल नाही. एक पाय थरथरायला लागला. बघणाऱ्यांना वाटलं हेच असेल नाचात. भाचीनं तिथूनच हळू आवाजात म्हटलं, "आक्का, धुवा की."

"ऑं?"

"थांबू नका. धुवा."

"अगं बाई! मला काय ठावं मी बी त्यात हाय म्हणून!" असं म्हणून आक्कांनी पहिला धपका असा घातला की पाणी माझ्या चष्म्यावर आलं. नदी ३५ वर गेली.

४३ ला मात्र माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. जामदार क्लबकडे राहणारे, पुराचं पाणी तिथे पहिलं येतं. ते कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, "आलं दारात." आणि मुली वर चढून आल्या तसे ते बाजूला सरकले, वाट दिली, हातातली पिशवी छातीशी धरून. मुली बघणाऱ्यांच्या मधूनच वर गेल्या. कुणाला तरी खांदा लागला. त्या बाजूच्या लोकांनी पायऱ्यांवरच्या चपला उचलून घेतल्या. नाटक, नाच मी पुष्कळ पाहिलं, पण बघणाऱ्यांनी पाण्यासाठी चपला उचलल्या, असं कधी पाहिलं नव्हतं. हे सगळं कावळ्याचा तो प्रसंग होऊन गेल्यानंतरचं, म्हणजे दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केल्यानंतरचं. पत्रलेखक तोवर गेले होते.

घाटावर कुठल्या वेळी कुणाचा हक्क, याचं वेळापत्रक घाटावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. दहाव्याची मंडळी कधी येतात, म्हशी कधी उतरतात, त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या कधी लागतात. मुलींनी पायऱ्या वितीनं मोजल्या, पण वेळ मोजली नाही. ही त्यांची चूक. पुढच्या वेळी आधी आठवडाभर नुसतं बसून कोण कधी येतं ते वहीत लिहा, मगच पाऊल टाका, असं मी त्यांना सुनावलं आहे. ते शिकता येण्यासारखं आहे. बंदीनं काय शिकणार?

आणि बंदी घालायची तर वेगळी घालायची गरजच काय, परवानगीची पद्धतच पुरेशी आहे. ही गंमत सांगते आणि थांबते.

भाचीसोबत मी एका कार्यालयात गेले. तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. तिसऱ्या टेबलावर माझाच जुना विद्यार्थी निघाला, लेझमीत कायम डावा-उजवा चुकणारा. "बाई, तुम्ही?" म्हणून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मग अर्ज. कार्यक्रमाचं स्वरूप: धार्मिक, सामाजिक, राजकीय की विक्री व प्रदर्शन. आम्ही खाली हातानं लिहिलं, 'नाच'. तो म्हणाला, "बाई, नाच म्हणजे लावणी का?" मी म्हटलं, नाही. "मग सामाजिक टाका." पुढचा रकाना, मंडपाचं क्षेत्रफळ. भाचीनं शून्य लिहिलं. ध्वनिक्षेपकांची संख्या, शून्य. खुर्च्या, शून्य. त्यानं अर्ज उलटसुलट करून पाहिला. "बाई, शून्य चालत नाही. कायतरी टाका. मंडपच नाही तर परवानगी कशाची द्यायची?"

बघा, त्याचंही चुकलं नाही. पायऱ्या आहेत तशा ठेवून, कुठेही खड्डा न खणता, एकही वायर न ओढता अर्धा तास तिथे असायचं आहे, असं सांगायला त्या कागदावर जागाच नाही. शेवटी १० बाय १० चा मंडप लिहिला, त्याचं भाडं भरलं, पावती मिळाली. कार्यक्रमाच्या दिवशी नऊच्या सुमाराला एक कर्मचारी मोटारसायकलवरून आले आणि मंडप कुठे आहे विचारू लागले. नाही म्हटल्यावर म्हणाले, पावतीप्रमाणे नाही, लिहून द्या. भाचीनं लिहून दिलं, 'मंडप घातला नाही.' खाली सही.

याच गावात चौकाचौकांत छाती धडधडेल असे स्पीकरचे थर लागतात, त्यांचे रकाने अर्जात बिनचूक भरले जातात. माझी मागणी अगदी लहान आहे. मंडप नाही, स्पीकर नाही, फलक नाही, पाहुणे नाहीत, अशा अर्ध्या-पाऊण तासाच्या नाचासाठी किंवा गाण्यासाठी एकपानी अर्ज असावा. त्यात एकच सक्तीचा रकाना ठेवा: त्या जागी त्या वेळी रोज कोण असतं आणि तुम्ही त्यांना विचारलंत का. घाटावर दहाव्याची मंडळी, बिंदू चौकात भाजीवाल्या, रंकाळ्याच्या काठावर सकाळचे फिरायला येणारे. त्यांची हरकत असेल तर परवानगी नाही. आमच्या अर्जात हा रकाना असता तर त्या गृहस्थांना पत्र लिहावं लागलं नसतं, आणि आक्कांनाही आधी कळलं असतं.

आक्कांनी दुसऱ्या दिवशी भाचीला निरोप पाठवला आहे की परत करणार असाल तर सोमवार सोडून करा, सोमवारी त्या येत नाहीत.

न घातलेल्या मंडपाच्या भाड्याची पावती आणि भाचीनं लिहून दिलेल्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पैसे परत मिळण्याची काही तरतूद असल्यास संबंधितांनी कळवावं. माझं नाव छापू नये. तो विद्यार्थी अजून नोकरीत आहे.

आपली,
एक निवृत्त पीटी शिक्षिका
शुक्रवार पेठ, कोल्हापूर